पॅड नवे घातले, तरी ब्रेक ओरडतोच

प्रश्न फोंड्याच्या एका शिक्षिकेचा आहे. गाडी २०१६ ची स्विफ्ट, ६२ हजार किलोमीटर झालेली, रोज फोंडा ते पणजी आणि परत. जूनपासून ब्रेक दाबला की चीं असा कर्कश आवाज यायला लागला. गॅरेजवाल्याने पुढचे पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला (डिस्कला) दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणारे तुकडे, बदलून दिले. पंधरा दिवस गाडी गप्प होती. सोळाव्या दिवशी बाणस्तारीच्या पुलाजवळ रांगेत पुन्हा तोच आवाज. आता तोच गॅरेजवाला म्हणतो, डिस्क बदला. बाईंना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. डिस्क खरंच बदलायला हवी का? आणि तोवर गाडी चालवणं धोक्याचं आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, म्हणून ते आधी. नुसता चीं आवाज, पेडल नेहमीसारखं घट्ट, गाडी सरळ थांबते, जळका वास नाही, अशी गाडी आठवडाभर सांभाळून चालवलीत तर काही बिघडत नाही. पण चींच्या जागी घर्रर्र असा, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला, पेडल खोल जायला लागलं किंवा ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढली, तर तिथेच थांबा आणि गाडी टोइंग करून न्या. घर्रर्र म्हणजे पॅडचं मटेरियल संपून मागची लोखंडी पाटी डिस्कवर घासतेय. ती डिस्क मग खरोखरच जाते, आणि थांबायला अंतर किती लागेल याचा भरवसा राहत नाही.

आता पहिला प्रश्न. तो मोठा आहे.

मी डिचोलीत गॅरेज चालवतो. शिकलो खाणीच्या टिप्परवर. तेव्हा दिवसाला चार-चार चाकांचे ब्रेक लायनर रिव्हेट मारून बसवायचे, संध्याकाळी नाकातून लाल माती निघायची. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, टिप्परचं काम आटलं आणि मी छोट्या गाड्यांकडे वळलो. टिप्परचा ब्रेक ओरडला तर कुणी तक्रार करत नव्हतं, लागला म्हणजे झालं. कारवाल्यांचं उलटं. ब्रेक नीट लागतोय की नाही हे कुणी विचारत नाही, पण आवाज आला की दुसऱ्या दिवशी दारात. त्यामुळे या चींशी माझी ओळख बरीच जुनी आहे, आणि एक गोष्ट पक्की कळली आहे: ओरडतो पॅड, पण त्याला ओरडायला लावणारं कारण बहुतेक वेळा पॅडच्या आजूबाजूला असतं. ते तसंच ठेवून नुसता पॅड बदलला की पंधरा दिवसांची शांतता विकत मिळते. तुमच्या बाबतीत तेच झालंय असं मला वाटतं.

तुम्ही फळ्यावर लिहिणाऱ्या, तुम्हाला हे लगेच कळेल. नवा लांब खडू शेवटाला धरून फळ्यावर सरळ उभा टेकवला की अंगावर काटा येणारा आवाज येतो. तोच खडू मोडून अर्धा केला, टोकाजवळ घट्ट धरला आणि जरा तिरका केला की गप्प. फळा तोच, खडू तोच, हातही तुमचाच. खडू फळ्याला क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा होतं. ब्रेकमध्येही हेच, फक्त तिथे सेकंदाला हजारो वेळा, म्हणून आवाज इतका बारीक आणि टोचणारा. खडू सैल धरला तर थरथरतो. पॅड सैल बसला तरी तसाच थरथरतो. पॅड घट्ट आणि तरीही मोकळा सरकेल असा धरून ठेवणं हे चार-पाच किरकोळ भागांचं काम आहे: पत्र्याच्या क्लिपा, पॅडच्या पाठीवरचा पातळ पत्रा म्हणजे शिम, पॅड ज्यात बसतो त्या ब्रॅकेटच्या खाचा, आणि पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या म्हणजे कॅलिपरच्या दोन पिना. बिलात यांची नावं क्वचितच दिसतात.

गाडी कुणाकडेही नेण्याआधी दोन दिवस नुसती ऐका. काच खाली करा, एसी आणि रेडिओ बंद ठेवा, आणि एखाद्या कुंपणाच्या भिंतीला लागून हळू जा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि चाक कुठलं ते कळतं. सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला आवाज येऊन नंतर गेला, तर तो रात्रीचा गंज. डिस्क बिडाची असते, पावसाळ्यात एका रात्रीत तिच्यावर तांबूस थर चढतो, पॅड तो पुसून काढतो. यावर एक पैसाही खर्च करू नका. हलका ब्रेक दाबल्यावर चीं आणि जोरात दाबल्यावर गप्प, हा थरथरणाऱ्या पॅडचा आवाज. ब्रेकला पाय न लावताही चाकाबरोबर बारीक शीळ वाजते आणि पेडल दाबलं की थांबते किंवा बदलते, तर पॅडची इशारापट्टी बघायची. ही पॅडला लावलेली एक वाकडी पोलादी पट्टी असते. मटेरियल दोन-तीन मिलिमीटर उरलं की ती डिस्कला टेकते आणि मुद्दाम ओरडते. बाजारातल्या स्वस्त पॅडमध्ये ती कधी कधी आधीच वाकलेली येते, मग कोरे पॅडही म्हातारे झाल्यासारखे ओरडतात. वळणावर आवाज बदलला तर ब्रेकवरचा संशय सोडा, चाकाचं बेअरिंग तपासा, किंवा डिस्कमागच्या पत्र्यात अडकलेला खडा शोधा. आमच्या भागात खड्याची शक्यता पहिली.

आणखी एक तपासणी घरच्या घरी होते. सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न वापरता चालवा, थांबा, आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात न्या. हात लावू नका, नुसता जवळ न्या. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर त्या बाजूचा पॅड डिस्कला सोडतच नाहीये. तुमच्या वर्णनात जळका वास नाही, पण ही तपासणी करा. मला तिचं उत्तर हवं आहे.

कारण माझा पहिला संशय पिनांवर आहे.

तुमच्या गाडीचा कॅलिपर तरंगता असतो. पिस्टन एकाच बाजूला, आतल्या अंगाला. तो आतल्या पॅडला ढकलतो, आणि त्याच्या उलट जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. म्हणजे बाहेरचा पॅड काम करणार की नाही हे त्या बोटाएवढ्या दोन पिनांवर ठरतं. त्या सुकल्या की कॅलिपर अर्धवट सरकतो, तिरका होतो, पॅड डिस्कवर एका कडेने टेकतो. सरळ उभा धरलेला खडू तो हाच.

मागच्या आठवड्यात चोडण बेटावरची एक गाडी आली होती. तिचं सांगतो, म्हणजे तुमच्या गॅरेजमध्ये उभं राहून काय बघायचं ते कळेल. चाक काढलं, कॅलिपरचा खालचा बोल्ट सोडला, कॅलिपर वर उचलला. वरची पिन हाताने ओढली तर आली. खालची येईना. पिळून, हलवून, शेवटी पान्याने फिरवत काढली. तिच्यावरचं ग्रीस करपून काळ्या डांबरासारखं झालेलं, आणि पिनेवरचं रबरी टोपण, म्हणजे बूट, फाटून आत पाणी गेल्याने मधल्या भागावर तपकिरी खवले. हे फेरीबोटीचं देणं. रायबंदरच्या धक्क्यावर भरतीला रॅम्पवरच पाणी असतं, आणि गाडी रोज दोन वेळा त्या खाऱ्या पाण्यातून चढते-उतरते. पॅड काढून शेजारी ठेवले. आतला चार मिलिमीटर, बाहेरचा आठ. आतलाही एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ, पाचरीसारखा. हे पॅड हातात घेतले की गाडी न बघताही सांगता येतं, पिन जाम आहे. त्या गाडीला आम्ही दोन नव्या पिना, नवे बूट आणि योग्य ग्रीस दिलं. पॅड अर्थात नवे घालावे लागले, पाचर झालेला पॅड परत वापरता येत नाही. डिस्कला हात लावला नाही. गाडी गप्प आहे.

ग्रीसबद्दल माझी स्वतःची फजिती सांगायला हरकत नाही. सुरुवातीला टिप्परच्या सवयीने मी पिनांना साधं पिवळं चासिस ग्रीस लावायचो. लावल्या दिवशी कॅलिपर लोण्यासारखा सरकायचा. एक पावसाळा गेला आणि त्याच गाड्या परत यायला लागल्या, पिना पहिल्यापेक्षा घट्ट. खनिज तेलाच्या ग्रीसने बुटाचं आणि पिनेच्या टोकाचं रबर फुगतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. पिनांना सिलिकॉनचं, ब्रेकसाठीच बनवलेलं ग्रीस लागतं. एवढीशी ट्यूब असते, पण वर्ष-दोन वर्षं पुरते. पिना काढताना कुठली वरची, कुठली खालची ते लक्षात ठेवा. बऱ्याच गाड्यांत एकीच्या टोकाला रबराची बाही असते, दुसरीला नसते. अदलाबदल झाली की आवाज घरचाच पाहुणा होतो.

क्लिपांचं तसंच. नव्या पॅडच्या डब्यात बऱ्याचदा नव्या क्लिपा येतात आणि त्या डब्याबरोबर कचऱ्यात जातात, कारण जुन्या काढून खाचेतला गंज घासायला चाकामागे पंधरा मिनिटं जास्त लागतात. गंज क्लिपेच्या मागे फुगतो, पॅडचं कान, म्हणजे खाचेत बसणारं त्याचं टोक, आवळलं जातं, मग पॅड मागे सरकत नाही. ब्रॅकेटची खाच तारेच्या ब्रशने चकचकीत करून मगच क्लिप बसवायची. पॅडचं कान बोटाने ढकलल्यावर सरकलं पाहिजे. हातोडीने बसवलेला पॅड ओरडणारच. शिमचंही बघा. जुन्या पॅडच्या पाठीवरची शिम काढून फेकली आणि नव्याला आलीच नाही, असं मी कितीदा बघितलंय. पाठीवर, म्हणजे पिस्टन टेकतो तिथे, उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा पातळ हात द्यायचा. पातळ म्हणजे तव्याला तेल पुसतो तेवढा. पॅडच्या तोंडाला त्याचा वाससुद्धा लागता कामा नये.

आता डिस्क. तुमच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं खोटं असेलच असं मी म्हणत नाही, पण त्याने मोजून सांगितलं का, एवढं विचारा. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. गंजाखाली लपला असेल तर ब्रशने घासा, दिसेल. छोट्या गाड्यांत नव्या डिस्कपेक्षा साधारण दोनेक मिलिमीटर कमी, अशी ही मर्यादा असते. मोजताना गंमत होते. डिस्कच्या बाहेरच्या कडेवर पॅड पोचत नाही, म्हणून ती झिजत नाही आणि तिथे उंच कड उभी राहते. मापायच्या व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर बसतात आणि डिस्क जाड असल्याचं सांगतात. मायक्रोमीटर नसेल तर दोन सारखी नाणी घ्या, कडेच्या आत दोन्ही बाजूंना एकेक धरा, त्यांच्यावरून माप घ्या आणि दोन्ही नाण्यांची जाडी वजा करा. आकडा मर्यादेच्या खाली असेल, डिस्कला तडा असेल किंवा नखाला अडकतील असे खोल चर असतील तर डिस्क बदला, आणि दोन्ही बाजूंची एकदम बदला. जाडी भरपूर आहे पण कड उंच आहे, तर लेथवर हलका हात मारून कड उतरवता येते, मात्र उतरवल्यानंतरही जाडी मर्यादेच्या वर राहिली पाहिजे.

ही कड तुमचा दुसरा संशयित आहे. जुन्या पॅडने आपल्या मापाचा खड्डा करून ठेवलेला असतो. नवा पॅड केसभर रुंद असला की त्याची कडा डिस्कच्या कडेवर चढते आणि पॅड पूर्ण टेकतच नाही. अशा वेळी पॅडच्या दोन्ही टोकांच्या कडा कानशीने तिरक्या करतात. चांगल्या पॅडला त्या तिरक्या करूनच येतात. खडू तिरका धरण्याचाच हा प्रकार.

तिसरा संशयित तुमचा रस्ता, किंवा खरं सांगायचं तर रस्त्यावरचं तुमचं पाऊल. वाईट वाटून घेऊ नका. नव्या पॅडला पहिल्या दिवशी डिस्कशी ओळख करून द्यावी लागते. पॅडचा एक अगदी पातळ, सारखा थर डिस्कवर बसला की ब्रेक शांतपणे धरतो. त्यासाठी मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, ताशी ५० वरून १० पर्यंत बऱ्यापैकी दाबून वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही. मग अर्धा-पाऊण किलोमीटर ब्रेक न लावता जायचं, म्हणजे डिस्कला वारा लागतो. असं आठ-दहा वेळा. शेवटी पाच-सहा किलोमीटर निवांत चालवून मगच गाडी उभी करायची. रविवारी सकाळी सहाला वीस मिनिटांत होतं. हे न करता नवे पॅड घेऊन तुम्ही सोमवारी सकाळी थेट भोमच्या अरुंद रस्त्याला लागलात. तिथून बाणस्तारीपर्यंत पाय सतत ब्रेकवर, हलका, घासता. पॅड तापतो पण चावत नाही, आणि त्याच्या तोंडावर काचेसारखी चकाकी येते. फर्मागुडीचा उतारही ब्रेकवर पाय ठेवून उतरत असाल तर हे काम आणखी लवकर होतं. पंधरा दिवस हा त्याचा अगदी नेमका हिशेब.

चकाकी ओळखायला पॅड उजेडात तिरका धरा. चांगला पॅड मॅट दिसतो, पाटीच्या दगडासारखा. काच आलेला पॅड आरशासारखा नाही, पण तेल लावल्यासारखा चमकतो. वरवरची काच असेल तर पॉलिश पेपर सपाट शहाबादी लादीवर ठेवून त्यावर पॅड इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवायचा, चमक जाईपर्यंत. डिस्कवरही १२० नंबरचा पॉलिश पेपर गोल-गोल फिरवून दोन्ही बाजूंची चकाकी मोडायची आणि ब्रेक क्लीनरने पुसायची. मग वर सांगितलेली ओळख नव्याने. नाकाला मास्क लावा, आणि ही पूड हवेच्या पाइपने उडवू नका. ती फुप्फुसात जाऊन बसते. आमच्या पिढीने ती खूप उडवली.

काच खोल गेली असेल तर पॅड फेकायचा. चोर्ला घाट उतरून आलेल्या गाड्यांत हे नेहमी दिसतं. बेळगावहून येणारा माणूस चौथ्या गिअरवर ब्रेक धरून थेट केरीपर्यंत उतरतो. अंजुणे धरण दिसायला लागतं तोवर चाकातून धूर, आणि माझ्याकडे पोचेपर्यंत पॅडच्या कडा पांढुरक्या पडून तुटायला लागलेल्या असतात. असा उतार दुसऱ्या गिअरवर उतरायचा, इंजिनला धरू द्यायचं, ब्रेक मधेमधे दाबून पूर्ण सोडायचा.

ही सगळी कामं तुम्ही स्वतः करावीत असं मी सुचवत नाही. पण कुणी घरी करत असेल तर दोन गोष्टी. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड लावा, चिरा (जांभ्याचा दगड) लावू नका. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेले असतात म्हणून लोक तेच लावतात, आणि चिरा एका टोकावर वजन आलं की भुगा होतो. आणि पिस्टन मागे दाबून नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. माझ्याकडच्या मुलाने एकदा पंप न करताच गाडी रिव्हर्समध्ये घेतली. पहिल्या दाबाला पेडल तळाला गेलं आणि गाडी गॅरेजच्या मागच्या भिंतीत. ती भिंत अजून वाकडी आहे. पिस्टन दाबताना ब्रेक ऑइलची पातळी वर येते, आधीच कुणी काठोकाठ भरून ठेवलं असेल तर सांडतं आणि रंग खातं. लगेच भरपूर पाण्याने धुवा.

पाण्याचा विषय निघालाच आहे. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वर समुद्राची खारी हवा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल २३० अंशांच्या पुढे उकळतं, पाणी मुरलेलं १५५ च्या आसपासच. घाटात पेडल स्पंजासारखं होतं ते यामुळे, आणि हेच पाणी आतून पिस्टनला गंज लावतं. मग पिना कितीही साफ करा, पिस्टनच मागे येत नाही आणि चाक गरम राहतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला. तुमच्या गाडीचं किती वर्षांत बदललंय ते बिलं काढून बघा. मला वाटतं, एकदाही नाही.

उभ्या गाड्यांचं दुखणं वेगळं. तारवटी माणूस सहा-आठ महिने जहाजावर, गाडी घराच्या पडवीत. तो परत येतो तेव्हा पॅडच्या आकाराचा गंजाचा डाग डिस्कवर छापलेला असतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो डाग पॅडखालून जातो आणि चीं-चीं-चीं असा ठेका धरतो. हलका असेल तर चालवून जातो, खोल असेल तर लेथ. भाड्याच्या गाड्यांत वाळू असते. पर्यटक नको सांगितलं तरी किनाऱ्यावर गाडी उतरवतात, आणि वाळूचा कण पॅडमध्ये रुतला की डिस्कवर ग्रामोफोनच्या तबकडीसारखे चर पडतात.

मागची चाकं विसरू नका. तुमच्या गाडीत मागे डिस्क नाही, ड्रम आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे गोल डबे, त्यांना आतून शू नावाच्या दोन कमानी दाबतात. ड्रमचा आवाज चीं नसतो. तो कुईं असा, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा, थांबता थांबता येतो. शू मागच्या पाटीवर ज्या उंचवट्यांवर टेकतो तिथे ग्रीस सुकलं किंवा पुडीचा चिखल झाला की हा आवाज होतो. ड्रम उघडून धुवायचा, त्या उंचवट्यांना ग्रीसचा ठिपका द्यायचा. पावसाळ्यात रात्री हँडब्रेक ओढून ठेवला की सकाळी शू ड्रमला चिकटतो आणि गाडी हलताना टक् करते. घरी सपाट जागा असेल तर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक सोडून द्या.

आवाज घालवायचा सोपा उपाय म्हणून डिस्कवर गंज सोडवायचा स्प्रे मारणारे महाभाग आहेत. आवाज जातो. ब्रेकही जातो. तेल प्यालेले पॅड धुऊन पुन्हा चांगले होत नाहीत, सरळ टाकून द्यावे लागतात.

तर बाई, तुमच्या गॅरेजवाल्याशी भांडू नका. त्याला म्हणा, डिस्कचं आपण नंतर बघू, आधी दोन्ही पुढचे कॅलिपर माझ्यासमोर उघडा, पिना हाताने सरकवून दाखवा, क्लिपा बदला, डिस्कचं माप सांगा. घाई न करता दीड-दोन तासांचं काम आहे. शाळेला सुट्टी असेल तो दिवस धरा, पण चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीचा आठवडा टाळा. तेव्हा अख्ख्या गोव्याला गावी जायचं असतं आणि आम्ही कुणाच्याच पिना नीट घासत नाही. जून महिन्यात काढलेले जुने पॅड तिथे कोपऱ्यात अजून पडलेले असतील तर मागून घ्या आणि चारही एका ओळीत मांडून त्यांचा फोटो पाठवा. आतले आणि बाहेरचे सारखे झिजलेले निघाले, तर पिनांवरचा माझा संशय चुकला असं समजा. मग आपण त्या कडेकडे आणि काचेकडे बघू.